शेवटच्या प्रश्नावरची खूण

प्रिय महेंद्र,

ओळखलंस का? मी आकाराम नाना, दिघंचीचा. हृदयाची झडप खराब असलेला, तुम्ही सगळ्या पोरांनी नळी लावून ऐकलेला म्हातारा. पत्ता बरोबर आहे की नाही याची धास्ती आहे. म्हसवडच्या अलीकडचं गाव म्हणून तूच एकदा नाव सांगितलं होतंस, तेवढ्यावर लिहितोय. पाकिटावर तुझ्या आईचं, पारूबाईंचं नाव घातलंय. पोस्टमन निदान तिला तरी ओळखत असेल. माझी शाळा पाचवीपर्यंत, तीही मेंढरांमागं हिंडत झालेली, त्यामुळं अक्षर लागायचं नाही. पण दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस, सावकाश लाव. जेवतोस ना वेळेवर?

इकडं मिरजेत, तुमच्या कॉलेजच्या दवाखान्यात सगळं तसंच आहे. दर गुरुवारी पहाटेची गाडी धरून मी येतो. आमची घरधनीण रंगुबाई टोमणा मारते, "आवं, तुमाला बरं व्हायचंच न्हाई. बरं झालासा तर पोरं कुणाची छाती ऐकणार?" खोटं नाही ते. सात वर्षं झाली मला डॉक्टरकीच्या परीक्षेला 'केस' म्हणून, पोरांनी तपासायला बसवतात. तिथं आम्हा म्हाताऱ्यांची एक रीत आहे, तुला आता सांगायला हरकत नाही. पोरगं अडलं, घामाघूम झालं की मी खोकल्याचं निमित्त करायचो आणि जिथं आवाज येतो तिथंच बोट टेकवायचो. बाहेरगावच्या परीक्षकाला पत्ताही लागायचा नाही. पोरांना वाचवायचं, एवढंच मला ठाऊक. या खोडीनंच पुढं घात केला.

तुम्हाला वॉर्डात पाठवायच्या आधी तुम्हाला शिकवणाऱ्या राजेश्वरी मॅडमनी ती सरावाची खोली काढली, खाट, पडदा आणि दोन खुर्च्यांची. आम्ही खरे आजारी, पण तिथं खोटे आजारी व्हायचं आणि तुम्ही आमच्याशी बोलायला शिकायचं. आधी नाव सांगायचं, विचारून मग अंगाला हात लावायचा, आणि हात आधी चोळून गरम करायचे. बाकीची पोरं विसरायची. तू नळीसुद्धा तळहातात धरून गरम केलीस. तेव्हाच मी घरी येऊन सांगितलं, असा डॉक्टर मला शेवटाला मिळावा.

मग तुमचा वॉर्ड सुरू झाला. अकरा नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या आजाऱ्याचं तू मला सांगायचास, त्याला पाहुणा म्हणायचास. रोज त्याची हकिकत लिहून घ्यायचास, आणि तो तुला नातीच्या लग्नाला ये म्हणायचा. त्या मंगळवारी गोळ्या संपल्या म्हणून मी वार नसताना आलो होतो, औषधाच्या रांगेत होतो. तू येऊन बाकावर शेजारी बसलास. सकाळी गेलास तर खाटेवर धुतलेली चादर, पाहुणा रात्रीच वारलेला, आणि कुणी तुला काही सांगितलंच नव्हतं. तू वही मांडीवर घेऊन बसलेला, आणि मी काय म्हणालो? "अरं गड्या, डॉक्टर मानसाला असं चालतंय व्हय? मन घट्ट कर." तू "व्हय नाना" म्हणालास आणि उठून गेलास. मला वाटलं, मी तुला धीर दिला. आता ते बोलणं रोज ऐकू येतं.

त्याच आठवड्यात गुरुवारी त्या खोलीत मॅडमनी मला मुलगा गेलेला बाप केलं होतं आणि तू मला ते सांगायचं होतंस. तू खुर्ची ओढून बसलास, माझं मनगट धरलंस, आणि तोंडातून शब्द निघेना. बाकीच्यांना वाटलं असेल, मुद्दाम थांबलाय. पण माझ्या मनगटाला कळत होतं. तुझा हात गार पडला होता. मी जन्मभर मेंढरं राखली रे. लंगडं मेंढरू मागं राहतं, ते कुणालाही दिसतं. आजारी मेंढरू कळपाच्या मधोमध घुसतं, सगळ्यांसारखं चालतं, फक्त रवंथ करत नाही. ते ओळखायला माझ्यासारखाच लागतो. आणि मी ओळखलं होतं.

तुम्ही गेल्यावर आम्हाला एक कागद भरायचा असतो. पोरगं नीट बोललं का, ऐकून घेतलं का, अशा प्रश्नांपुढं खुणा करायच्या. शेवटचा प्रश्न असतो, या विद्यार्थ्याला स्वतःला काही त्रास आहे असं वाटलं का? मॅडमनी दहादा सांगितलं होतं, हे मार्कांसाठी नाही, पोरांची काळजी घेण्यासाठी आहे. पण माझा विश्वास बसला नाही. कागदावर सही झाली की कुणाचं तरी काहीतरी जातं, एवढंच मी आयुष्यात शिकलोय. वाटलं, 'होय' लिहिलं तर तुला नापास करतील. तुमच्या वस्तीतला पहिला डॉक्टर, माझ्या एका खुणेनं घरी बसेल. म्हणून परीक्षेसारखं तुला वाचवलं. 'नाही'वर खूण केली.

दोन दिवसांनी तू वसतिगृह सोडून गेलास. मॅडमनी घरी फोन लावला तेव्हा आई म्हणाली, नुसता भिंतीकडं बघत बसतोय, बोलत नाही. पुढच्या गुरुवारी मॅडमनी मला विचारलं, "नाना, तुम्हाला काहीच दिसलं नव्हतं?" मी परत नाही म्हणालो. महेंद्र, या वयात दोनदा खोटं. सोमवारी वार नसताना गेलो आणि त्यांच्यापुढं सगळं कबूल केलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "मी शिकत होते तेव्हा चादरींच्या खोलीत दार लावून रडायचे. कुणी येऊन विचारलं असतं, तर फार बरं वाटलं असतं." तुझं नाव कॉलेजातून काढलेलं नाही, रजा लावलीय. मनाचे डॉक्टर असतात, त्यांच्याशीही बोलून ठेवलंय. तू ये म्हणालास तर त्या स्वतः तुझ्याबरोबर बसणार आहेत.

मी नवा कागद मागितला, तर म्हणाल्या, "आता मला नको, त्यालाच सांगा." तर हा तो कागद, परत भरलेला. विद्यार्थी नीट बोलला का? होय. ऐकून घेतलं का? माझ्या पोरांपेक्षा जास्त. त्याला काही त्रास आहे असं वाटलं का? होय. कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला होता, तो जेवणाचा डबा उघडत नव्हता, हात गार होते. मला सगळं दिसलं होतं आणि मी नाही लिहिलं. चूक माझी, तुझी नव्हे. रविवारी दहाच्या गाडीनं मी म्हसवडला येतो आणि स्टँडवर बसून राहतो. कॉलेजचं नाव काढणार नाही. पाहुण्याबद्दल बोल, नाहीतर नुसता बस. आणि बाकावर बसलास की माझं मनगट धर. हात गरम करून यायची गरज नाही.

तुझाच,
आकाराम नाना