मुकुलची गिटार एकदा मोठ्याने वाजू देण्याबाबत

बोरीवली (पश्चिम), मुंबई
दि. ७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. अभिरक्षक,
स्वरसंचय वाद्य संग्रहालय,
अंधेरी (पूर्व), मुंबई.

विषय : दालन क्र. २ मधील लाल इलेक्ट्रिक गिटार एक वेळ ॲम्प्लिफायरला जोडून वाजवण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) दानपत्र, दि. ३ ऑक्टोबर २०२३. २) आपले नकाराचे पत्र, दि. १७ ऑक्टोबर २०२५.

महोदय,

१. मी, अनंत गोविंद सबनीस, निवृत्त मुख्य लिपिक. छत्तीस वर्षे इतरांसाठी मसुदे लिहिले. माझा मागील अर्ज चार ओळींचा होता व त्याचा काही उपयोग झाला नाही, म्हणून हा लांबला आहे. क्षमस्व.

२. सदर गिटार १९६४ सालची असून माझा मुलगा कै. मुकुल याने ती वांद्र्याच्या एका वृद्ध वादकाकडून विकत घेतली होती. आपल्या पाटीवर 'उत्तम स्थितीत' असे लिहिले आहे, ते खरे आहे. तो तिला रोज पुसत असे. १४ ऑगस्ट २०२३ रोजी, पाच दिवसांच्या डेंग्यूच्या तापाने तो गेला. वय एकतीस.

३. आमच्या घरात ही गिटार ॲम्प्लिफायरला जोडू दिली गेली नाही. 'दिली गेली नाही' हे कचेरीच्या सवयीने लिहिले. मी दिली नाही. २०१४ साली एका संध्याकाळी त्याने ती जोडून सात मिनिटे वाजवली. त्या वेळी मी सोसायटीचा मानद सचिव होतो. सचिवाने भेदभाव करू नये म्हणून मी माझ्याच सदनिकेला, क्र. ३०४ ला, नोटीस काढली व फलकावर लावली. लोक हसले. मुकुलही हसला. त्यानंतर नऊ वर्षे तो घरात वायरीशिवाय वाजवत राहिला. विजेशिवाय या गिटारीचा आवाज भांड्यावर नख मारल्याएवढाच येतो. तेवढा ऐकायला माझी पत्नी मृणालिनी भाजी निवडायला त्याच्याशेजारी जाऊन बसे. मी दार लावून पेपर वाचत असे. त्याच्या एकाही कार्यक्रमाला मी गेलो नाही. बोलावणे दर वेळी होते.

४. तो गेल्यावर पत्नी गिटार मांडीवर घेऊन बसून राही. मला ते बघवेना. सात आठवड्यांत मी ती आपल्या संग्रहालयास दिली. दानपत्राचा मसुदा माझाच. कलम चार : 'सदर वाद्य केवळ प्रदर्शनार्थ राहील व ते कोणत्याही व्यक्तीकडून, कोणत्याही कारणास्तव वाजवले जाणार नाही.' त्याच्या तारांना परक्याचे बोट लागू नये, एवढाच हेतू होता. कलम सात : 'दात्यास यापुढे वाद्यावर अथवा या अटींवर कोणताही हक्क राहणार नाही.' इतके आवळून लिहायची गरज नाही, असे आपल्या तेव्हाच्या अधिकारी संघमित्राताई म्हणाल्या होत्या. मी ऐकले नाही.

५. आपण कळवता की, कलम चार फक्त दाता शिथिल करू शकतो आणि कलम सातनुसार दात्यास तसा हक्क नाही. आपले पत्र मी तीनदा वाचले. पळवाट शोधली, सापडली नाही. मसुदा चोख आहे. मी माझ्याच हाताने माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला, त्यात आपल्या कार्यालयाचा दोष नाही. मीही हेच उत्तर दिले असते.

६. तथापि, पत्नीचा उजवा कान पूर्ण गेला आहे. डाव्याचे काही महिने उरलेत, असे डॉक्टर म्हणतात. ती दर बुधवारी तिकीट काढून त्या काचेपुढे येऊन उभी राहते. आपले सुरक्षारक्षक चंद्रप्रकाश तिला स्टूल देतात, त्यांचे आभार. गेल्या बुधवारी परतताना ती रिक्षात म्हणाली, "घरात गप्प बसवलंत त्याला. आता काचेतपण गप्पच बसवलंत ना, अहो?" मी रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितले.

७. सबब विनंती की, कोणत्याही सोमवारी, संग्रहालय बंद असताना, दहा मिनिटे परवानगी मिळावी. मुकुलबरोबर वाजवणारा केयूर यायला तयार आहे. कलमांची अडचण असल्यास, दानपत्राच्या दिवशी दाता शुद्धीवर नव्हता, असे प्रतिज्ञापत्र मी देतो. ते खोटे ठरणार नाही. दहा मिनिटे शक्य नसल्यास पाच. गिटार बाहेर काढता येत नसल्यास केयूर कपाटात हात घालून वाजवील. तेही नियमात बसत नसल्यास फक्त एक तार, एकदा.

८. आवाज पूर्ण मोठा ठेवावा. तो कमी करा, असे अर्जदार म्हणणार नाही, याची ही लेखी हमी.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारा, नम्र,

(सही)
अनंत गोविंद सबनीस

सोबत :
१. दानपत्राची प्रत.
२. पत्नीच्या कानांचा तपासणी अहवाल.
३. केयूरचे संमतिपत्र.
४. पत्नीचे पत्र जोडलेले नाही. तिला या अर्जाची कल्पना नाही. उत्तर नकाराचे असल्यास कृपया घरी पाठवू नये. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.