आजी शेवटून दुसऱ्या पानावर मरते

चोंगजू,
कोबी खारवायचे दिवस

आदरणीय अग्नेसताईस,

आधी तुझ्या दोन्ही गुडघ्यांना आणि मग उरलेल्या तुला धाकट्या जेम्माचा वाकून नमस्कार. (मला अजून वाकता येतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.) तिकडे गुन्सानला समुद्राचा वारा सुरू झाला असेल. रात्री पाय उबेत ठेवत जा आणि सुनेने केलेलं सूप खारट असलं तरी पीत जा, गरम तरी असतं. माझी प्रकृती उत्तम आहे. भूक लागते, झोप लागते. चर्चच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबावं लागतं, पण ते खालचं शहर बघायला.

सध्या माझ्यामागे संकट लागलंय ते पुस्तकांचं. हसू नकोस. ज्या बाईने जन्मभर वर्तमानपत्राच्या कचेरीत मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या चुकांवर पोट भरलं, तिला पुस्तकांनी तोंडघशी पाडावं, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार? आपल्या शाळेच्या वसतिगृहातल्या सिस्टर बेर्नार्दा असत्या तर म्हणाल्या असत्या, जेम्मा, जिभेला लगाम घाल. पण त्या स्वर्गात आहेत, आणि तिथे त्यांना कुणी उलट बोलत नसणार, त्यामुळे कंटाळल्या असतील.

आमच्या संकुलात तळमजल्यावर मुलांसाठी एक छोटं ग्रंथालय आहे. एका बाजूला व्यायामशाळा, दुसऱ्या बाजूला म्हाताऱ्यांची बसायची खोली. त्या खोलीत दिवसभर पत्ते आणि सुनांची निंदा चालते. दोन्हींत मी तरबेज असल्यामुळे तिथे मला कुणी खेळायला घेत नाही. म्हणून मी शाळकरी मुलांची पुस्तकं निवडणाऱ्या समितीवर गेले. समितीवर बाकी सगळ्या आया. त्यांच्यात मुख्य म्हणजे मारूची आई, तिसऱ्या इमारतीतली, जिच्या हातात कायम बर्फ घातलेली कॉफी असते (बाहेर बर्फ पडत असला तरी). ताई, या आया पुस्तक विकत घेत नाहीत, भिंत विकत घेतात. एका रंगाचे, एका उंचीचे, वयाचा शिक्का मारलेले संचच्या संच. पाचव्या वर्षी निसर्ग, सहाव्या वर्षी गणिताच्या गोष्टी, सातव्या वर्षी थोर माणसं आणि आठव्या वर्षी पोराला चष्मा. त्यातही मागणी कशाला, तर माहितीच्या कॉमिक्सना. मी पहिल्याच बैठकीत सांगितलं की मुलाला गोष्ट द्यावी. नीट बांधलेली, जिच्यात रडूही आहे आणि जेवणही. माहिती काय, ती वयाबरोबर आपोआप चढते, चरबीसारखी. मारूच्या आईने कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाली, आजींचे विचार फार मोलाचे आहेत. हे ती ज्या आवाजात म्हणाली, त्या आवाजात आपण जुनी कपाटं फेकून देतो.

आता हारमबद्दल. माझी नात तिसरीत गेली. शाळा सुटली की ती माझ्याकडे येते आणि संध्याकाळी तिची आई तिला घेऊन जाते. किल्ली नाही, काही नाही, ती स्वतः दाराचे आकडे दाबते, टिक टिक टिक टिक, मग कुलूप एक लहानसं गाणं म्हणतं आणि ती आत येऊन दप्तर फेकते. (हो, आमची कुलपं गातात. तुझ्या घराला अजून कडी आहे, म्हणून सांगितलं.) पूर्ण दिवसात माझ्या घरात ऐकण्यासारखं तेवढंच असतं.

तर तिच्या आईने मानवी शरीरावरच्या कॉमिक्सचा भलामोठा संच घेतला आणि त्यांच्याकडे भिंत उरली नव्हती म्हणून माझ्याकडे आणून लावला. त्यात यकृताला भुवया आहेत. हृदयाने पांढरे हातमोजे घातलेत. स्वादुपिंड घाबरून "बापरे" म्हणतं. मी तेही चालवून घेतलं. पण हारम दुपारच्या दुपार पालथी पडून तेच वाचायला लागली, जेवता जेवता वाचायला लागली, एका पानावर सोयाबीनचं सूप सांडलं, तेव्हा मी ठरवलं. कागद आणि काच वेगळी टाकायच्या दिवशी, भाजीच्या ढकलगाडीत घालून मी ते सगळे भाग खाली नेले आणि दोरीने बांधून, नावं आतल्या बाजूला करून, रद्दीच्या ढिगात ठेवले. मुखपृष्ठावरच्या हृदयाने माझ्याकडे हात हलवला. मी हलवला नाही.

त्यांच्या जागी मी एक खरी गोष्ट आणली. समितीत मीच ती पास करून घेतली होती. मुखपृष्ठावर एक आजी आणि एक नात वर्तमानपत्र पसरून लसूण सोलताहेत. मारूच्या आईने विचारलं होतं, आजी, तुम्ही पूर्ण वाचलंय ना? मी म्हटलं, सुसंस्कृत माणसाला पहिल्या प्रकरणावरून पुस्तक कळतं. (पहिलं प्रकरण मी वाचलं होतं. लसूण फार सुंदर सोलला होता.)

ताई, आजी शेवटून दुसऱ्या पानावर मरते.

तीही कशी? नात शाळेतून येते, दाराचे आकडे दाबते, हाक मारते. आजी भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर लसूण, हात थंड. हे हारमने माझ्याच घरात, माझ्या शेजारी बसून वाचलं, आणि मी शेजारी लसूणच सोलत होते. ती रडली नाही. पुस्तक मिटून तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला वाटलं, बघा, साहित्याने काय गोडवा येतो.

दुसऱ्या दिवसापासून टिक टिक बंद. घंटा. मी आतून ओरडले, आकडे विसरलीस का गं? बाहेरून बारीक आवाजात, "तूच उघड ना, आजी." रोज घंटा. मी दार उघडलं की आधी माझ्या हाताला हात लावणार, मग बूट काढणार. मी जेवणानंतर जरा डोळे मिटले की नाकाशी बोट. आणि मागच्या आठवड्यात मी न्हाणीघरात केसांना कलप लावत होते, नळ चालू होता, घंटा ऐकूच आली नाही. दार उघडलं तर समोर वॉचमनकाका टोपी काढून उभे, शेजारच्या दोघी, कॉफीसकट मारूची आई, आणि मध्ये पायरीवर हारम. तिने वॉचमनकाकांना सांगितलं होतं की बहुतेक माझी आजी वारली. मी डोक्यावर प्लास्टिकची टोपी घालून, कपाळावर काळे ओघळ घेऊन उभी. वॉचमनकाकांनी आधी सुस्कारा टाकला आणि मग, माझ्याकडे नीट बघून, ते एक पाऊल मागे सरले.

त्या संध्याकाळी सून अगदी आदराने बोलली, म्हणजे प्रकरण गंभीर. "आई, तुम्हीपण दमता. हारमला दुपारी गणिताच्या क्लासला घालू या." माझ्या मुलाने भाताकडे बघून मान हलवली. तो लहानपणापासून भाताशीच सहमत असतो.

आता पुढचं ऐक. ती कॉमिक्स मारूच्या आईने रद्दीतून उचलली होती आणि ग्रंथालयाला भेट दिली. समितीची सभासद म्हणून मी टाळ्या वाजवल्या. हारमही आली होती. तिने सुपाचा डाग ओळखला. माझ्याकडे बघितलं. कुणाला काही बोलली नाही (हे वळण माझं), फक्त हृदयाचा भाग काढला, नावावर लिहून घेतला आणि घरी येऊन माझ्यासमोर मांडी ठोकून बसली. हातमोजेवाल्या हृदयावर बोट ठेवून तिने मला प्रश्न विचारले. चर्चच्या पायऱ्यांवर थांबतेस तेव्हा छाती आवळते का? डावा हात जड होतो का? मी म्हटलं, मोठ्यांना असं विचारू नये.

"म्हणजे होतो," ती म्हणाली.

मग तिने पुस्तक मिटलं. "तू डॉक्टरांचा कागद आणलास तर मी आईशी भांडेन आणि तुझ्याकडेच येईन. नाही आणलास तर क्लासला जाईन. तिथे दार बाई उघडतात."

मी उठून तांदूळ धुवायला गेले. ते आधीच धुतलेले होते.

असो. तुझं लोणच्याचं काम उरकलं असेल. तुझ्या सुनेला आशीर्वाद, नातवाला कॉमिक्स देऊ नकोस, आणि स्वतःला जप. मी ठणठणीत आहे.

तुझी,
जेम्मा

ता. क. तिकडची सुकी मासळी मिळाली तर थोडी पाठव. किंवा घेऊनच ये.

ता. क. पुन्हा. म्हणजे येच. येत्या गुरुवारी सकाळी हृदयाची तपासणी आहे. सोबत कुणीतरी मोठं माणूस हवं म्हणतात. मुलाला आणि सुनेला कागद हातात येईपर्यंत कळता कामा नये, आणि मारूच्या आईने मी येऊ का सोबत असं स्वतःहून विचारलं, यावरूनच माझी अवस्था ओळख. तुझ्या गुडघ्यांना सांग, तिथे लिफ्ट आहे. शाळेत रात्री अंधाराची भीती वाटायची तेव्हा मी तुला कधी उठवलं नाही. आता उठवते आहे.

ता. क. आणखी एक. ती गोष्ट मी शेवटपर्यंत वाचली. शेवटच्या पानावर नात खाली बसून उरलेला लसूण सोलते. वाईट नाही. हृदयाचा भागही वाचला, उशाशी आहे, त्यात चूक सापडली नाही. फुप्फुसांचा भाग कुणीतरी नेलाय. तुमच्या ग्रंथालयात असेल तर घेऊन ये, पण पिशवीत घालून.

ता. क. शेवटचं. बुधवारी दुपारी पोचलीस की घंटा वाजवू नकोस. आता घंटा वाजली की मीच आधी स्वतःच्या हाताला हात लावून बघते. आकडे हारमच्या वाढदिवसाचे आहेत, तुला पाठ आहेत. ते दाब आणि आत ये. तो आवाज ऐकून बरेच दिवस झाले.