वरच्या खाचराचं पाणी

मी, गमगेदर तिलकसिरी, वय एकाहत्तर, राहणार मीगहवेव, जिल्हा कुरुणेगल, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. बुद्धी शाबूत आहे. मृत्युपत्र बदलण्याचे कारण तिसऱ्या कलमात आहे.

१. राहते घर आणि मागची अकरा नारळाची झाडे मुलगी निलंती हिला.

२. रानसूर्यफुलाचा पाला कुजवायचे निळे पिंप आणि पाठीवरचा पंपही तिलाच. त्या पाल्याच्या अर्काने बारा वर्षे माझ्या खाचरात तण उगवू दिले नाही. शेतकरी मंडळाने त्याबद्दल दिलेले मानपत्र भिंतीवरून काढले आहे. ते पुन्हा लावू नये.

३. खालचे खाचर धाकटा भाऊ पियसेन याला परत.

मी लावणी करतो. पियसेन मोड आलेले भात चिखलात फोकून पेरायचा. पाणी माझ्या खाचरातून त्याच्याकडे उतरते. सलग तीन हंगाम त्याचे भात उगवलेच नाही. "अय्या, तुझ्या पाण्याला वास येतोय," तो मला, थोरल्या भावाला, म्हणायचा. "वास तुझ्या आळसाला येतोय, मल्ली. बी मेलेलं पेरतोस," असे मी धाकट्याला पाणवठ्यावर चारचौघांत सांगायचो. नऊ वर्षांपूर्वी तो खाचर माझ्या नावे करून गाव सोडून गेला.

यंदा लावणीला माणसे मिळेनात म्हणून निलंतीलाही फोकायचे होते. तिने दोन बशांत मोड आलेले भात ठेवले. एकीत साधे पाणी, दुसरीत माझा अर्क. मंगळवारी पाहिले तर पहिलीत हिरवे कोंब, दुसरीत काळी पडलेली मुळे. माझी रोपे मोठी असायची म्हणून वाचली. बांधाचे तोंड उघडून त्याचे भात मीच मारले होते.

काल पियसेनला बोलावून बशा दाखवल्या. दुसरी बशी हातात घेऊन तो म्हणाला, "बी तुझंच होतं, अय्या. तिन्ही वेळा वहिनीनं तुझ्या कणगीतलं गुपचूप दिलं."

"तेव्हा बोलला का नाहीस?"

"तू तिच्यावर चिडला असतास."

माझी बायको गेली त्याला चार वर्षे झाली. तीही कधी बोलली नाही.

खाचर तो आजपासूनच कसेल. माझ्यामागे कोणी हरकत घेऊ नये म्हणून इथे लिहिले.

४. निलंतीला अट: अर्क फवारल्यावर बांधाचे तोंड दहा दिवस बंद. मोड आलेल्या भातावर थेंबही नको, कोणाच्याही.

पियसेनला साक्षीदार व्हायचे होते. साक्षीदाराला वारसा मिळत नाही, असे नोटरी म्हणाले. "मग बसतो पायरीवर," तो म्हणाला. "आणि मरायची घाई करू नकोस. पेरणीला पाणी तूच सोडायचंस."

सही: ग. तिलकसिरी
साक्षीदार: १. रणसिंह जयतुंग, २. कुसुमलता हेरत
मीगहवेव, १२ सप्टेंबर २०२५