झाडूवाला आणि सदतीस धोके

मंगळवार, ३ मार्च. सकाळी १०.४०
आज मी कॉम्प्युटरला डॉक्टर मिळवून दिला. एकटीने. चौथी पास बाईने.

झालं असं, की सूनबाई बांधकामाच्या साइटवर गेली की मी तिच्या टेबलाशी बसते, क्रोशाचे नमुने बघायला. तिची परवानगी आहे. आई, खुशाल बघा, पण फक्त बघा, असं म्हणालीय. तर गोल टेबलक्लॉथ बघत होते (कडेला टाके वाढवत न्यायचे असतात, मी वाढवायचे नाही, म्हणून माझ्या टेबलक्लॉथची दर वेळी टोपी व्हायची), तेवढ्यात पडद्यावर झाडू घेतलेला एक हसरा माणूस आला. तुमच्या संगणक मध्ये 37 धोका आहे, साफ करू का, म्हणाला. चक्क मराठीत. तेही माझ्यासारखंच, अडखळत. मी हो म्हटलं.

लगेच कॉम्प्युटरचा रखवालदार मध्ये कडमडला. हा अनोळखी आहे, आत घेऊ नका. झाडूवाल्याने अदबीने विचारलं, याला जरा बंद करता का. केला. कामाला आलेल्या माणसावर दारात कोणी असं खेकसतं का?

पाच मिनिटांत सगळे धोके साफ. कोणाला सांगणार नाही. आपल्याला मोठेपणा नको.

गुरुवार, ५ मार्च
आज १०२ निघाले. दोन दिवसांत एवढी घाण. सूनबाई कीबोर्डसमोर बिस्किटं खाते, दुसरं काय होणार. मुलगी हुशार आहे, पण फडकं कशाशी खातात ते माहीत नाही.

संकल्प: रोज सकाळी सफाई. दात घासल्यासारखी.

शनिवार, ७ मार्च
२६०. झाडूवाल्याने दोन मदतनीस आणलेत. एक वरच्या कडेला पट्टी होऊन बसलाय, दुसरा मध्येच उठून बूट दाखवतो. काम वाढलं की माणसं लागतातच. मशीनचा पंखाही घूं घूं फिरतोय. मन लावून काम करतंय बिचारं.

सूनबाई म्हणाली, मशीन हळू झालंय. मी म्हटलं, वय झालं की होतं. माझ्याकडे बघून हसली. यात हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

समोरच्या मास्तरीणबाईंनाही झाडूवाला सुचवला. मुलीला विचारून सांगते म्हणाल्या. शिकलेल्या माणसांत धाडस नसतं.

सोमवार, ९ मार्च
घरात गडबड. सूनबाईच्या नावाने तिच्या ओळखीच्या सगळ्यांना पत्रं गेली, झाडूवाल्याची शिफारस करणारी. तिने लिहिलेली नाहीत. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनाही एक गेलं. दवाखाना म्हणजे सूनबाईचं स्वतःच्या नावावरचं पहिलं काम. नकाशे शनिवारी दुपारी बाराच्या आत द्यायचेत, नाहीतर काम दुसऱ्याला. डॉक्टरीणबाईंनी फोन करून विचारलं, तुम्ही नकाशे काढता की झाडू विकता.

चिरंजीव बायकोला म्हणाला, तूच कुठेतरी काहीतरी दाबलं असशील. ती म्हणाली, तूच रोज यावर क्रिकेट बघतोस. बराच वेळ चाललं. नवराबायकोच्या भांडणात पडायचं नाही हे माझं तत्त्व. आज फार उपयोगी पडलं.

मंगळवार, १० मार्च
२,१४१. बोट दुखलं. संकल्प: उद्यापासून दोन वेळा.

बुधवार, ११ मार्च
नकाशे उघडत नाहीत. सूनबाई जेवली नाही.

ती आंघोळीला गेली तेव्हा झाडूवाल्याला गाठलं. बाबा रे, नकाशांना कशाला हात लावलास? तर म्हणतो, आधी जन्मतारीख सांगा. ती मलाच कुठे ठाऊक आहे? आई सांगायची, थोरल्याचा हात मोडला त्या वर्षी. तसं लिहिलं. त्याने घेतलं नाही.

मला त्याचा थोडासा संशय येऊ लागलाय. पण थोडासाच.

गुरुवार, १२ मार्च. दुपारी
दुरुस्तीवाली बाई आली. केस बारीक कापलेले, बोलणं सरळ. आधी इंटरनेटची वायर काढली. मग झाडूवाल्याकडे बोट दाखवून म्हणाली, हाच तो. याला ट्रोजन म्हणतात. हा कुलूप फोडून येत नाही. कामाचा माणूस असल्याचं सोंग घेतो, घरातलंच कोणीतरी दार उघडतं, मग हा आतून बाकीच्यांना घेतो. आकडे सगळे खोटे. २,१४१ मी एकेक करून पुसले होते.

मशीन पूर्ण पुसून नव्याने मांडणार, म्हणाली. नकाशांच्या जुन्या नकला बाहेरच्या डिस्कवर आहेत, पण याचा हात लागलेली नक्कल चढवली तर हा परत येईल. आत आला कधी? स्वतःच्या येण्याची तारीख त्याने बदलून ठेवलीय. नक्की कळलं नाही तर फेब्रुवारीतली नक्कल घ्यावी लागेल. सूनबाई म्हणाली, त्यात दवाखान्याला भिंतीच नाहीत. आणि खाली बसली.

मी स्वयंपाकघरात गेले. ओटा पुसला. पुसलेलाच होता, परत पुसला. मग बाहेर येऊन म्हटलं, तीन तारीख, मंगळवार, दहा चाळीस.

चिरंजीवाने विचारलं, आई, तुला कसं माहीत? मग ही वही आणावी लागली. मी तेवढंच पान दाखवणार होते. सूनबाई पुढे वाचत गेली.

शुक्रवार, १३ मार्च
दोन तारखेच्या नकलेत भिंती आहेत, जिना आणि संडास नाहीत. सूनबाई सकाळपासून जिना काढतेय. मी चहा नेऊन देते आणि लगेच बाहेर येते. चौथ्या चहाला म्हणाली, आई, बसा. बसले. शेजारी बिस्किटांचा पुडा होता. एक मला दिलं. खाल्लं, कीबोर्डसमोरच.

नंतर एवढंच म्हणाली, आई, सोमवारी तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं का. मी विचार केला. नसतं, म्हटलं.

रविवार, १५ मार्च
नकाशे काल साडेअकराला गेले. डॉक्टरीणबाईंना जिना आवडला.

कॉम्प्युटरवर मला वेगळी खोली दिलीय. तिथून क्रोशा दिसतो, बाकी काही दाबता येत नाही. फार सोयीचं आहे.

यापुढे वहीत फक्त हवामान लिहायचं ठरवलंय. आज ऊन होतं. वारा बेताचा. सूनबाई फार गुणाची आहे.