दुसरी बेरीज

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीचा गुडघा आता कसा आहे? गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या बायकोने रोज चार जिने चढावेत, हे मला काही पटत नाही. तुझ्या इमारतीची लिफ्ट एकदा मनावर घे.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. शाळेला यंदा चाळीस वर्षं पूर्ण होताहेत आणि स्मरणिकेत शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. संस्थापकांची मुलगी, त्यातून उपमुख्याध्यापिका, म्हणजे इतिहास हिला पाठच असणार, असा सगळ्यांचा समज. पाठ आहेच म्हणा. छापखान्यावरच्या दोन खोल्या, खालून यंत्रांचा खडखडाट, आणि विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेसाठी मुलं तयार करायला चांगली नोकरी सोडून आलेले बाबा. एका वर्षाचा अभ्यासक्रम, पाच मुलांमागे एक शिक्षक, पेपरावर नावाऐवजी क्रमांक. सराव परीक्षेत साठ मार्क मिळाले तरच शाळेच्या शिक्क्याने अर्ज पुढे जाणार. हे सगळं आजही तसंच चालतं. आणि माहितीपत्रकात दर वर्षी न चुकता छापतो ते वाक्य: पहिल्या तुकडीतल्या नऊच्या नऊ मुलांना विद्यापीठात प्रवेश मिळाला.

गेल्या आठवड्यात पहिल्या वर्षाचं हजेरीपुस्तक उघडलं. नावं दहा आहेत. दहावं तुझं.

आई सांगायची की ऐन वेळी तुला ताप आला. मी तेव्हा सहा वर्षांची होते, पण मला आठवतं की त्याच दिवसांत तू मला सायकल शिकवलीस. सीट धरून रोज मैदानाला फेऱ्या मारायचास. ताप आलेला माणूस इतका पळतो का रे? विचारणं बरोबर आहे की नाही, यावर चार दिवस घालवले. शेवटी विचारतेच. नऊ लिहू की दहा?

लोभ आहेच, तो माझ्या चौकशांपलीकडे टिको.
तुझी,
धाकटी

११ मार्च

चि. शंकासुरास,
अ. उ. आ.

गुडघा बरा आहे. आमच्या लिफ्टचं म्हणशील तर सोसायटीतली माणसं मला फुकटात वापरू पाहतात आणि मी त्यांना जिन्याने चालवतो. वहिनी मधल्या मधे भरडली जाते.

ताप आईने काढला होता. तिला शेजारणींना काहीतरी सांगायला हवं होतं. मला अठ्ठावन्न मिळाले, साठ हवे होते, अर्ज गेला नाही. संपली गोष्ट. बाबांनी ना ताप म्हटलं, ना अठ्ठावन्न. ते गप्प बसले, आणि तुला माहीतच आहे, ते गप्प बसले की घरातली भांडीसुद्धा वाजत नसत.

तेव्हा नऊच लिही. परीक्षेला नऊच बसले, त्यात खोटं काय आहे? आणि माझं काय वाईट झालं? विद्यापीठात गेलो असतो तर आज तुझ्यासारखा जुन्या वह्या हुंगत बसलो असतो. त्यापेक्षा लिफ्टच्या खड्ड्यात हवा बरी असते.

तब्येतीला जप. जेवणाच्या डब्याशेजारी वह्या तपासू नकोस.
तुझा,
दादा

२० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी दोनदा फाडलं आहे. तू नऊ म्हणालास, तिथेच मी थांबायला हवं होतं. पण माझी खोड तुला माहीत आहे. दाराला कुलूप लावून परत येऊन ओढून बघणारी मी.

लोखंडी कपाटात पहिल्या तुकडीचे पेपर सापडले. सुतळीने बांधलेले, दहा. तुझा क्रमांक सात. पहिल्या पानावर बाबांच्या हिरव्या शाईत अठ्ठावन्न लिहिलं आहे. मी आतले मार्क उतरवून घेतले: नऊ, सात, आठ, दहा, सहा, आठ, पाच, दहा. दादा, हे त्रेसष्ट होतात. पाचांचा प्रश्न पानाच्या मागच्या बाजूला एकटाच पडला आहे, तो बेरजेत धरायचा राहिला. मी तीनदा केली, मग कागद उलटा धरून खालून वर केली.

आज आपल्याकडे प्रत्येक पेपराची बेरीज दुसरा शिक्षक पुन्हा करतो आणि सही करतो. मुलं तिला ‘सासूची बेरीज’ म्हणतात. पहिल्या वर्षी हा नियम नव्हता. बाबा स्वतःच दोनदा बेरीज करायचे आणि जमली की आकड्याशेजारी खूण करायचे. नऊ पेपरांवर ती खूण आहे. तुझ्यावर नाही. मला वाटतं, मुलाच्या पेपरात आपण मार्क शोधत बसू, या भीतीने त्यांनी तो पुन्हा उघडलाच नाही.

चाळीस वर्षांनी हे तुला सांगून मी काय साधलं? माहीत नाही. पण माहीत असून न सांगणं मला जमेना. रागावलास तरी लिही.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
धाकटी

२९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

रागावलो नाही. मला ठाऊक होतं.

पेपर एक दिवस बघायला देत असत. मी छापखान्याच्या जिन्यात बसून बेरीज केली होती. त्रेसष्ट. खूण नाही, हेही पाहिलं. फेरतपासणीचा अर्ज करता आला असता. तो सगळ्यांसमोर बाबांच्याच टेबलावर ठेवायचा होता. शाळेला वर्ष झालं नव्हतं. हेडमास्तरांच्या पोराचे पाच मार्क वाढले, अशी हाकाटी झाली असती तर त्या दोन खोल्यांना टाळं लागायला आठवडा पुरला असता. मी पेपर परत देऊन टाकला.

फार त्यागमूर्ती करू नकोस मला. त्यात अर्धा हट्ट होता. वाटत होतं, बाबांनी आपणहून बघावं. बाकी नऊ जणांना दोनदा मोजलं, मला एकदाच. महिन्याभराने त्यांनी विचारलं, पुढच्या वर्षी पुन्हा बसतोस का. मी ताठ्यात नाही म्हटलं. तोवर लिफ्टच्या कारखान्यात लागलो होतो, आणि खरं सांगू, काम आवडलंही होतं.

पाच मार्क गेल्याचं दुःख केव्हाच विरलं. त्यांनी तो पेपर पुन्हा हातातही घेतला नाही, तेवढंच टोचत राहिलं. ते जाईपर्यंत आम्ही हवापाण्याबद्दल बोललो.

आता नऊ लिही आणि झोप. बाबांचं नाव खाली येईल असं काही छापू नकोस.

तुझा,
दादा

६ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नीट बसून वाच. चष्मा लाव.

शिक्षकसभेच्या पहिल्या वहीत, अर्जांची मुदत संपल्यानंतर तेरा दिवसांनी झालेल्या सभेची नोंद आहे. अक्षर बाबांचं. ठराव असा: यापुढे प्रत्येक पेपराची बेरीज दुसऱ्या शिक्षकाने करून सही करावी. कारणाच्या रकान्यात लिहिलं आहे: “आपल्या माणसाचा पेपर मला धड मोजता आला नाही.”

मी धावत कपाटाकडे गेले. तुझ्या पेपराची शेवटची दोन पानं एकमेकांना चिकटली होती. वाफेवर धरून सोडवली. आत पेन्सिलीने, अगदी बारीक, तेच आठ आकडे एकाखाली एक मांडले आहेत. खाली त्रेसष्ट. शेजारी खूण. तारीख सभेच्या आदल्या दिवशीची.

त्यांनी बघितलं होतं, दादा. उशिरा, पण बघितलं. पुढच्या वर्षी बसतोस का, हे त्यानंतरच विचारलं असणार. तोंडाने चूक सांगता आली नाही, म्हणून नियम करून ठेवला. तो नियम चाळीस वर्षं चालू आहे.

मग एक आगाऊपणा केला. बाबांच्या बेरजेखाली दुसरी सही हवीच. मी करू शकत नव्हते, मीही आपलं माणूस. गणिताच्या बाईंना पेपर दिला, नुसता क्रमांक सात. त्यांनी बेरीज केली, सही केली आणि म्हणाल्या की मुलगा भूमितीत पक्का दिसतो, पुढे काय झालं याचं? मी खिडकी लावायच्या निमित्ताने उठले.

आता तूच सांग, काय लिहू. या वेळी मी कुलूप ओढून बघणार नाही.

तुझी,
धाकटी

१५ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र वहिनीला वाचून दाखवायला घेतलं आणि अर्ध्यावर तिच्याच हातात दिलं. तिने शेवटपर्यंत वाचलं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. मी दुरुस्त केलेली कुठलीही लिफ्ट मी स्वतः सुरू करत नाही. दोर, ब्रेक, दार, सगळं दुसऱ्या माणसाने पुन्हा तपासायचं आणि वहीत सही करायची. माझा मुलगा धंद्यात आला तेव्हा त्याला सांगितलं, तुझं काम मी तपासणार नाही आणि माझं तू नाही, बाहेरचा माणूस हवा. पोरं पाठीमागे मला चक्रम म्हणतात. मला वाटायचं, हे मी बाबांवर रागावून शिकलो. म्हाताऱ्याने तिकडे तेच करून ठेवलं होतं, आणि आम्ही दोघं हवापाण्याबद्दल बोलत बसलो.

दहा लिही. नऊ परीक्षेला बसले, एकाची बेरीज चुकली, म्हणून दुसऱ्या बेरजेचा नियम आला. इतकंच लिही, जास्त मीठमसाला नको. बाबांचं नाव त्याने खाली येत नाही. पेपर कपाटातच राहू दे, बाकीच्या नऊ जणांबरोबर.

समारंभाला आम्ही दोघं येतो. तुमच्या नव्या इमारतीची लिफ्ट मधेच अडकते असं ऐकलं, तीही बघून टाकतो. तपासायला माणूस मात्र तू दे.

आणि बाईंनी विचारलं ना, त्या सात नंबरच्या मुलाचं पुढे काय झालं? त्यांना सांग, बरं चाललंय त्याचं. बहिणीला सायकल शिकवली, ती अजून पडलेली नाही.

तुझाच,
दादा