मधूच्या चपला आणि पायरी नऊ

पालेगाव, अंबरनाथ (पू.)
गुरुवार

तीर्थरूप नाथामामा,

भावेशचा नमस्कार. तुमचा गुडघा, मामीचं बीपी आणि दारातली ती शिंग मारणारी म्हैस, तिघंही जागेवर असतील अशी आशा आहे. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही दोनदा "हां हां" म्हणून तो मामीकडे देता, आणि हे मामीला सांगण्यासारखं नाही.

एमआयडीसीतल्या आपल्या कंपनीच्या गेटवर तुम्ही बावीस वर्षं वहीत माणसं आत-बाहेर लिहिलीत आणि गेल्या दिवाळीत तुमच्या सख्ख्या भाच्याने ती वही बंद करून तुम्हाला घरी बसवलं, हे सगळ्या बदलापूरला ठाऊक आहे (आई अजून माझ्या ताटात भाजी वाढते, पण आपटून). त्या भाच्याचं काम होतं गेटच्या नव्या सॉफ्टवेअरसाठी 'युज केस' लिहिणं. म्हणजे माणूस मशीनसमोर येऊन काय करतो, मशीन उलट काय करतं, आणि काम कसं पुरं होतं, याची पायरीपायरीने लिहिलेली गोष्ट. त्यासाठी विठ्ठलवाडीच्या क्लासात मी चार रविवार घालवले. सर सांगायचे, सगळं सुरळीत झालं तर काय, हे कुणीही लिहील. बिघडलं तर काय, तिथे खरी अक्कल लागते. मी ते वाक्य वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या. (रेघा मारण्यात मी पहिल्यापासून हुशार.)

बिघडण्याचे प्रकार मी तीन लिहिले: वीज गेली, कार्ड विसरलं, अंगठा उमटला नाही. तिसऱ्याने घात केला. आपल्या लोकांचे अंगठे ॲसिडने इतके गुळगुळीत झालेत की मशीनला ते अंगठेच वाटेनात. सुटताना पोरं दहा-दहा वेळा दाबायची, कंटाळून तशीच रिक्षात बसायची, आणि इकडे स्क्रीनवर चाळीस माणसं आतच. मालकांचा मुलगा हितेशशेठ वैतागला. मग मी पायरी नऊ लिहिली: 'पाळी संपल्यावर पंधरा मिनिटांनी उरलेल्या सर्वांना बाहेर गेलेले धरावे.' शेठ म्हणाले, "क्या बात है!" घरी बायकोलाही मी ती वाचून दाखवली. त्याच आठवड्यात शेठनी गेटजवळची फळी काढायला लावली, जिथे लोक चपला ठेवून गमबूट घालायचे. पाहुण्यांना बरं दिसत नाही म्हणे. चपला आतल्या कपाटात गेल्या.

गेल्या आठवड्यात मंगळवारी आपला मधू (तोच, तुमच्याकडे रोज तंबाखू मागणारा) पहिल्या पाळीत टाकी धुवायला उतरला आणि आतल्या वासाने तिथेच कोसळला. तीनला पाळी सुटली. सव्वातीनला पायरी नऊने त्याला घरी पाठवलं. चारला त्याच्या मोतीबाईचा गेटवर फोन आला, नवरा अजून आला नाही म्हणून. नव्या वॉचमनने स्क्रीन बघून सांगितलं, "वो तो कबका निकल गया, भाभी." मग ती बाई रिक्षास्टँडपासून दारूच्या दुकानापर्यंत त्याला शोधत फिरली, शिव्या देत. पाचला दुसऱ्या पाळीच्या माणसाला टाकीत गमबूट दिसले.

जिवंत आहे, मामा. उल्हासनगरला हॉस्पिटलात आहे. डोळे उघडतो, पण मोतीबाईला ओळखत नाही. त्याच्या चपला मी कपाटातून काढून तिला नेऊन दिल्या. तिने त्या पुसून पलंगाखाली जोडून ठेवल्यात, उठला तर लागतील म्हणून. ती मला साहेब म्हणते आणि चहा मागवते.

मामीला नमस्कार. म्हशीला लांबूनच.

तुमचा भाचा,
भावेश

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. सोमवारी कंपनीत चौकशी आहे. जुने वॉचमन म्हणून तुम्हालाही बोलावणार आहेत. पाळी सुटल्यावर फळीवर किती चपला उरल्या ते तुम्ही बघायचात, हे 'मी भावेशला कधी सांगितलं नव्हतं', एवढंच तिथे सांगा. तसं सहज बोलता बोलता सांगितलं होतंत खरं. तुम्हालाही आठवत नसेल. माझी नोकरी त्यावर आहे.

ता. क. २. वरचा मजकूर खोडणार होतो, पण राहू दे. आपला भाचा कसा आहे ते तुम्हाला कळायला हवं. आत्ताच माझी क्लासची वही सापडली. त्यात तुमचं बोलणं माझ्याच अक्षरात आहे: "वही नावाला रं. चपला रायल्या त मानूस आतमदी हाय, मंग मी बगाला जातो." त्याच्यापुढे मी लिहिलंय, 'कामाशी संबंध नाही.' खाली दोन रेघा. सोमवारी ही वही मीच घेऊन जातोय. तुम्ही या, आणि मन झालं तर माझ्या शेजारी बसा.