बंदर की पूल

ता. ३ मार्च

चि. भिंगरीस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पोचलं. भाऊजींची पाठ आता बरी असेल. जगाची शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाने स्वतःच्या मणक्यालाही कधी तेल घालावं, असं मी म्हणाले म्हणून सांग.

बातमी अशी, की आमचे दातांचे डॉक्टर दवाखान्याला रंग लावतायत, त्यामुळे मे महिन्यात मला दहा दिवस सुट्टी. नऊ वर्षांत पहिली. लोकांच्या कवळ्या घासून घासून माझीच बोटं गुळगुळीत झाली आहेत. तूही तुझ्या पडद्यांच्या दुकानावर चार दिवस पडदा टाक आणि चल. नणंद-भावजय दोघीच जाऊ.

प्रवास कचेरीतल्या बाईंनी दोन मोठी शहरं सुचवली आहेत, एक बंदराचं आणि एक सात पुलांचं. बंदर म्हटल्यावर तू दचकशील, ठाऊक आहे. पण तुझा दादा गेला ती जागा मी अजून पाहिलेली नाही. त्याला घरी आणलं ते झाकूनच. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करत होता आणि वरून लिफ्ट आली, एवढं एक वाक्य कंपनीच्या माणसाने मला दारात उभं राहून सांगितलं. त्या एका वाक्यात मी नऊ वर्षं राहते आहे. संध्याकाळी साडेसहाला आमच्या मजल्यावर लिफ्ट थांबते, दार सरकल्याचा आवाज येतो, पण पावलं वाजत नाहीत. मी उठून चहाचं आधण ठेवते आणि मग ते कोणासाठी ठेवलं, या विचारात उभी राहते.

असो. सुट्टी ही सुट्टीसारखी असावी, असंही वाटतं. तेव्हा तूच ठरव, बंदर की पूल. मी मान डोलावीन.

लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझी
वहिनी


ता. ११ मार्च

ती. वहिनीस,

भिंगरीचा सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून आनंद झाला, पण वहिनी, बंदर नको. तिथे जाऊन काय पाहायचं? एक इमारत, एक दार. ते तू रोज घरबसल्या पाहतेसच की.

पूल तर त्याहून नकोत. चालून चालून पायांचे तुकडे पडतात. तिसऱ्या पुलावर वारा असा, की डोक्यावरचा रुमाल धरेपर्यंत नदीत जातो. उतरायच्या जागा सगळ्या पलीकडच्या तीरावर, जिने उभे, आणि खिडकीखाली ट्रामचा खडखडाट. त्यापेक्षा डोंगरातलं एखादं लहानसं गाव पाहू. दोघी लोळत पडू, तू माझे दात तपास, मी तुझ्या साड्यांना फॉल लावीन.

यांना विचारलं, तर एका जुन्या यंत्राचं झाकण उघडून बसले, ते जेवायलाच उठले.

रागावू नकोस. माया आहे ती कमी करू नकोस.

तुझीच
भिंगरी


ता. १७ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. डोंगरातल्या गावात मी दहा दिवस काय करू, ढगांच्या कवळ्या बनवू? मला गर्दी हवी आहे, अनोळखी माणसांची. तेव्हा मोठं शहरच. बंदराला तुझा नकार असेल, तर पूल पक्के. तुझ्या शब्दाखातर बंदर मनातून काढायचा प्रयत्न करीन.

पण एक विचारते. तिसऱ्या पुलावर वारा असतो, हे तुला कोणी सांगितलं? प्रवास कचेरीच्या पत्रकात तर पहिल्याच पुलाचं चित्र आहे. आणि खिडकीखालची ट्राम? तू तिथे कधी गेलीस? मला काही आठवत नाही. तुम्ही दोघं लांब गेल्याचं मला एकदाच आठवतं. दादा गेला त्या आठवड्यात तुम्ही तुझ्या सासूबाईंकडे होतात, म्हणून निरोप दुसऱ्या दिवशी पोचला.

सहज विचारलं. सवडीने लिही.

वहिनी


ता. २६ मार्च

ती. वहिनीस,

शि. सा. नमस्कार. हे पत्र मी सात वेळा फाडलं. आता सरळच लिहिते.

आम्ही सासूबाईंकडे नव्हतो. आम्ही पुलांच्या शहरात होतो. लग्नाला सहा वर्षं होऊनही कुठे गेलो नव्हतो, आणि मी यांच्या मागे भुणभुण लावली होती. हे तेव्हा दादाबरोबर लिफ्टच्याच कंपनीत. रजा मिळाली, पण त्याच आठवड्यात बंदराच्या कामाची पाळी यांची आली. यांची, वहिनी. दादाची नव्हे. मी दादाकडे गेले आणि रडले. तो हसला, म्हणाला, एवढंच ना, मी जातो याच्या जागी. आणि म्हणाला, वहिनीला बोलू नकोस, पुन्हा बहिणीसाठीच, असं म्हणेल ती. तुला त्याने आपलीच पाळी म्हणून सांगितलं.

तिसऱ्या पुलावर एका फोटोवाल्याने आमचा फोटो काढला. मागे शिक्का आहे, तारीख आणि वेळ, तीन वाजून दहा मिनिटं. कंपनीच्या कागदावर दादाची वेळ तीनच्या सुमारास लिहिली आहे. फोटोत माझा रुमाल उडतो आहे आणि मी तोंड उघडून हसते आहे. तो फोटो मला फाडवत नाही, पाहवतही नाही. पडदा शिवताना टेबलावर कापड पसरलं, की त्याखाली तो आहे असं वाटतं, आणि मी हात फिरवून पाहते.

यांनी लिफ्टचं काम सोडलं, ते पाठीमुळे असं तुला सांगितलं. खरं तसं नाही. आजही कुठल्याही लिफ्टमध्ये शिरण्याआधी हे दार धरून वाकतात आणि खाली कोणी आहे का, असं मोठ्याने विचारतात. लोक हसतात. हे उत्तराची वाट पाहतात.

तू माझ्याशी बोलू नकोस, तो तुझा हक्क आहे. पण पुलांच्या शहरात एकटी जाऊ नकोस. एवढंच मागते.

तुझी अपराधी
भिंगरी


ता. १८ एप्रिल

ती. वहिनीस,

सा. न. तीन आठवडे झाले. तुझी खुशाली तुझ्या शेजारच्या शिक्षिकाबाईंना विचारली, त्यांनी कळवलं की तू कामावर जातेस, नीट आहेस. त्यावरच आम्ही दोघं जेवतो. शिव्या दे, पण लिही.

भिंगरी


मुक्काम बंदर
ता. ५ मे

चि. भिंगरीस,

आशीर्वाद देते आहे, कारण पत्राची सुरुवात दुसऱ्या कशाने करायची ते मला येत नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी घासत होते. ती हातातून पडून दुभंगली. नोकरीत पहिल्यांदा. तुझा राग आला, भाऊजींचा आला, पण तो दोन दिवसांत दमला. नंतर आला तो दादाचा, आणि मग माझा स्वतःचा. तो निघाला त्या सकाळी मी त्याला म्हणाले होते, की लांबच्या पाळ्या तुझ्याच वाट्याला बऱ्या येतात. त्यावर त्याने बुटाची नाडी बांधता बांधता हूं केलं. माझ्या जिभेच्या भीतीने माणूस घरातून खोटं बोलून निघाला, हे मला तुझ्या पत्राने कळलं.

म्हणून बंदरच निवडलं आणि एकटी आले. ती इमारत नऊ मजल्यांची, सगळी कचेऱ्यांची. तळाशी पिवळ्या फरशीच्या दालनात बसून असणारी देखरेखीची बाई तेव्हाही तीच होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने आपली खुर्ची मला दिली आणि स्वतः उभी राहिली. म्हणाली, दुपारी त्याने तिच्या टेबलावर डबा खाल्ला. धाकटी बहीण पुलांच्या शहरात गेली आहे, असं सांगत होता, जणू स्वतःच जाऊन आल्यासारखं. किती पूल, कुठून ट्राम सुटते, सगळं. पठ्ठ्या तिथे कधी गेलेला नव्हता. मी विचारलं, बायकोबद्दल काही म्हणाला का. तिने खूप वेळ आठवून पाहिलं. तिला आठवलं नाही. खोटं सांगून माझं समाधान करणं तिला सोपं होतं, पण तिने केलं नाही. मला ती बाई आवडली.

त्या दिवशी खड्ड्यातला दिवा लागला होता, पण वरच्या मजल्यावर दाराला लावलेली ‘लिफ्ट बंद’ची पाटी कोणीतरी काढून ठेवली होती, असं ती म्हणाली. कोणी, ते इमारतीतल्या लोकांनाही कधी कळलं नाही. नंतर मी त्या लिफ्टमधून वर गेले. बरोबर फायली घेतलेली एक मुलगी होती. तिने मला कितवा मजला विचारलं. मी म्हणाले, तू जाशील तो. दार लागलं तेव्हा वाटलं, पायांखालून कोणीतरी वर पाहतं आहे. नवव्या मजल्यापर्यंत ते वाटणं गेलं नाही. उतरतानाही नाही. ते आता जाणार नाही, असं दिसतं.

तुला माफ केलं, असं लिहायला बसले होते. तो शब्द कागदावर उतरत नाही, कारण ते खरं नाही. राग मी बरोबर आणला आहे. पण इथे अनोळखी माणसांत फिरताना दोनदा मी वळून तुझ्याशी बोलायला गेले. दादाशी नव्हे, तुझ्याशी. त्याला घरचा म्हणून आठवणारी आपल्या दोघींशिवाय तिसरी कोणी नाही.

अजून पाच दिवस आहेत. खोलीत दोन खाटा आहेत आणि दुसरीवर मी माझी पिशवी ठेवली आहे. सकाळची गाडी दुपारी पोचते. मी स्टेशनावर येणार नाही, एवढ्या मोठ्या मनाची मी अजून झालेले नाही. पत्ता मागे लिहिला आहे. तू आलीस, की पिशवी उचलीन.

वहिनी